गीतचित्राकडून बोलपटाकडे : पहिल्या चित्रपटाच्या वाक्यरचनेचा विचार

१

चार-पाच मिनिटांच्या गीतासाठी दृश्ये रचणारा दिग्दर्शक जेव्हा दोन-अडीच तासांचा पहिला चित्रपट हाती घेतो, तेव्हा त्याच्यापुढील अडचण लांबीची असते असे सामान्यतः मानले जाते. थोडे धावू शकणाऱ्याला दूरवर धावावयास सांगावे, तसा हा प्रकार आहे अशी समजूत यामागे आहे. अशा चित्रपटांविषयीचा निर्णयही बहुधा ठराविक असतो : दृश्ये देखणी आहेत, परंतु कथा नाही. हा निर्णय सर्वस्वी चुकीचा नसला तरी अपुरा आहे. गीतचित्रालाही कथा असू शकते. प्रेमिकांची भेट, ताटातूट आणि पुनर्मीलन चार मिनिटांत दाखविणारी गीतचित्रे पुष्कळ आहेत. तेव्हा जे उणे पडते ते कथा नव्हे. ते नेमके काय, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

ज्याला व्यवहारात ‘म्युझिक व्हिडिओ’ किंवा ‘अल्बम साँग’ म्हणतात, त्यास येथे ‘गीतचित्र’ असे म्हटले आहे. अमेरिकेत १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली आणि या प्रकाराला स्वतःचे घर मिळाले. भारतात चॅनल व्ही (१९९४) व एमटीव्ही (१९९६) या वाहिन्यांमुळे तो रुजला. अलिशा चिनॉय यांच्या १९९५ मधील ‘मेड इन इंडिया’चे दिग्दर्शक केन घोष पुढे ‘इश्क विश्क’ (२००३) या चित्रपटाकडे वळले. राधिका राव व विनय सप्रू ही जोडी गीतचित्रांतून ‘लकी’ (२००५) या चित्रपटाकडे गेली. मराठीत वैशाली सामंत यांनी गायिलेल्या ‘ऐका दाजीबा’ने (२००२) अशा गीतांची लोकप्रियता सिद्ध केली, आणि त्याचे संगीतकार अवधूत गुप्ते यांनी २०१० मध्ये ‘झेंडा’ हा आपला पहिला चित्रपट दिग्दर्शित केला. आता तर वाहिनीचीही आवश्यकता उरलेली नाही. यूट्यूबमुळे गावोगावचे तरुण गीतचित्रे निर्माण करीत आहेत, आणि त्यांतील अनेकांच्या मनात पहिल्या चित्रपटाचा संकल्प असतो. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्याच्या दृष्टीने या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. मुंबईच्या गिरणगावाला नारायण सुर्वे यांची कविता लाभली, जयंत पवार यांचे ‘अधांतर’ हे नाटक लाभले, आणि त्या नाटकावरून महेश मांजरेकर यांचा ‘लालबाग परळ’ (२०१०) हा चित्रपटही लाभला. पुण्याच्या या कारखानी परिसराला त्या तोलाचे चित्रण अद्याप मिळावयाचे आहे. ते जर गीतचित्राच्या शाळेत शिकलेल्या हातांनी घडणार असेल, तर ती शाळा काय शिकविते आणि काय शिकवीत नाही, हे तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

या तपासणीसाठी परदेशी परिभाषेकडे धाव घेण्यापूर्वी आपल्या परंपरेतील एका जुन्या साधनाचा उपयोग करून पाहणे इष्ट होईल. पदांचा समूह वाक्य केव्हा होतो, याविषयी मीमांसक आणि नैयायिक यांनी तीन अटी सांगितल्या आहेत : आकांक्षा, योग्यता आणि सन्निधि. एका पदाला दुसऱ्या पदाची अपेक्षा असणे ही आकांक्षा. अर्थांचा परस्परांशी मेळ बसणे ही योग्यता. आणि पदांचा विलंबावाचून उच्चार होणे हा सन्निधि. गाय, घोडा, माणूस, हत्ती अशी नुसती शब्दांची रांग लावली तर आकांक्षेच्या अभावी वाक्य होत नाही. विस्तवाने शिंपावे असे म्हटले तर योग्यता नाही म्हणून वाक्यार्थ होत नाही. आणि एक पद सकाळी व दुसरे दुपारी उच्चारले तर सन्निधि तुटतो. चित्रपटाची भाषा ही खरोखर भाषा आहे काय, असा प्रश्न ख्रिस्तियां मेत्झ यांनी १९६४ मध्ये उपस्थित केला आणि त्यावर पुष्कळ चर्चा झाली. त्या वादात न शिरताही एवढे म्हणता येईल की, दृश्यांचा समूह चित्रपट केव्हा होतो हे पाहण्यास या तीन अटी फार उपयोगी पडतात.

२

गीतचित्राची सर्व शक्ती सन्निधीत आहे. दोन दृश्ये एकमेकांशेजारी येतात एवढ्यानेच तेथे अर्थ उत्पन्न होतो, कारण त्यांना बांधून ठेवणारा धागा, म्हणजे गीत, आधीच तयार असतो. गीतचित्राच्या निर्मितीचा क्रम या दृष्टीने लक्षात घेण्यासारखा आहे. ध्वनिमुद्रण अगोदर झालेले असते. चित्रीकरणस्थळी ते मोठ्याने वाजविले जाते आणि नट ओठ हलवितो. नंतर संकलक ठेक्यावर दृश्ये कापतो. अर्थात् काळ हा दिग्दर्शकाने निर्माण केलेला नसतो. तो त्याला गायकाने, संगीतकाराने मोजून दिलेला असतो. समुद्रकिनाऱ्यावरील नायिका पुढच्या क्षणी हिमशिखरावर दिसली तरी प्रेक्षकाला खटकत नाही, कारण ठेका तुटलेला नसतो. स्थळाची आणि वस्त्रांची एकवाक्यता नसली तरी चालते. तालाची असली म्हणजे झाले.

या सवयीने चित्रपट करू गेल्यास काय होते, याचे एक बोलके उदाहरण म्हणजे तरसेम सिंग यांचा ‘द सेल’ (२०००). मूळचे जालंधरचे तरसेम यांनी आर. ई. एम. या वाद्यवृंदाच्या ‘लूझिंग माय रिलिजन’ (१९९१) या गीतचित्राने कीर्ती मिळविली होती. ‘द सेल’मध्ये मानसोपचार करणारी नायिका एका बेशुद्ध खुन्याच्या मनात प्रवेश करते. मनाच्या आतले जग दाखवावयाचे असल्यामुळे तेथे कोणतेही दृश्य कोणत्याही दृश्याशेजारी ठेवण्यास मोकळीक मिळते. म्हणजे दिग्दर्शकाने आपले व्याकरण बदलले नाही. त्या व्याकरणाला परवानगी देणारे कथानक त्याने निवडले. ही युक्ती चतुर आहे, यात शंका नाही. परंतु मनाबाहेरच्या प्रसंगांत, म्हणजे पोलीस तपासाच्या साध्या व्यवहारात, चित्रपट शिथिल होतो. कारण तेथे दृश्याला पुढच्या दृश्याची अपेक्षा निर्माण करावी लागते, आणि केवळ शेजार पुरत नाही.

तथापि सन्निधीचे हे शिक्षण तुच्छ लेखण्याचे कारण नाही. मोजून मिळालेल्या काळात नेमके काय बसते, याचे भान गीतचित्राइतके दुसरा कोणताही प्रकार देत नाही. जाहिरातपटालाही हेच लागू आहे. रवी जाधव यांनी जाहिरातक्षेत्रातून येऊन ‘नटरंग’ (२०१०) हा पहिला चित्रपट केला आणि त्याला मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रमेश देव व सीमा देव यांचे चिरंजीव अभिनय देव हेही जाहिरातपटांतूनच ‘गेम’ व ‘देल्ही बेली’ (दोन्ही २०११) यांच्याकडे आले. अल्पावकाशाची शिस्त ही दुर्गुण नव्हे. प्रश्न एवढाच आहे की, काळ जेव्हा दुसऱ्याने मोजून दिलेला नसतो, तेव्हा तो स्वतः कसा उत्पन्न करावयाचा?

३

याचे उत्तर आकांक्षेत आहे. चित्रपटातील काळ घड्याळावर अवलंबून नसतो, ‘पुढे काय?’ या अपेक्षेने तो निर्माण होतो. जेथे अपेक्षा नाही तेथे दहा मिनिटेही दीर्घ वाटतात. दृश्याने दृश्याला बोलावले पाहिजे. गीतचित्रातील दृश्ये ‘आणि’ने जोडलेली असतात, चित्रपटातील दृश्ये ‘म्हणून’, ‘तरी’, ‘जर’, ‘नाही तर’ यांनी जोडावी लागतात. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर गीतचित्र हे संयुक्त वाक्यांचे बनलेले असते, आणि बोलपट हा मिश्र वाक्यांचा बनतो. त्यात गौण वाक्ये असतात. कारणे, अटी, शंका आणि विशेषतः नकार असतात.

नकाराचा मुद्दा महत्त्वाचा आहे. चित्राला ‘नाही’ म्हणता येत नाही. पाऊस पडत नाही हे दाखविण्यास कोरडे आकाश दाखवावे लागते, आणि कोरडे आकाश हे तर एक विधायक दृश्य झाले. नकार हा भाषेचा व्यापार आहे. म्हणून गीतचित्राच्या दिग्दर्शकाने बोलपटात यावयाचे म्हणजे प्रथम नकार शिकावयाचा. ब्रिटिश दिग्दर्शक जोनाथन ग्लेझर यांनी हे फार लवकर ओळखले असे दिसते. जमिरोक्वाय यांच्या ‘व्हर्च्युअल इन्सॅनिटी’ (१९९६) या गीतचित्रातील सरकत्या खोलीमुळे ते विख्यात झाले होते. पहिल्या चित्रपटात त्यांनी असाच देखावा उभा केला असता तर ते स्वाभाविक ठरले असते. परंतु ‘सेक्सी बीस्ट’ (२०००) या त्यांच्या पहिल्या चित्रपटाचा गाभा संपूर्णपणे शाब्दिक आहे. स्पेनमध्ये निवृत्तीचे सुख भोगणाऱ्या एका चोराकडे जुना साथीदार येतो आणि त्याला एका नव्या चोरीसाठी बोलावतो. चोर ‘नाही’ म्हणतो. पाहुणा तो नकार ऐकून घेत नाही. बेन किंग्सले यांनी रंगविलेला तो पाहुणा शिव्यांनी, पुनरुक्तीने आणि अडून बसण्याने जे आक्रमण करतो, ते एका शब्दाविरुद्धचे आक्रमण आहे. आरंभीचे, टेकडीवरून गडगडत पोहण्याच्या तलावात कोसळणाऱ्या शिळेचे दृश्य गीतचित्राच्या शाळेतले आहे. पण त्या शिळेने निर्माण केलेली भीती पुढे मनुष्याच्या बोलण्यात उतरते. शाळा सोडून जाण्याचा हा खरा मार्ग होय.

हिंदीत याच जातीचे, परंतु सौम्य प्रकृतीचे उदाहरण म्हणजे प्रदीप सरकार (निधन २०२३) यांचा ‘परिणीता’ (२००५). युफोरिया, शुभा मुद्गल आदींच्या गीतांसाठी सरकार यांनी केलेली गीतचित्रे प्रसिद्धच होती. त्यांच्या गीतचित्रांतून दिसलेल्या विद्या बालन याच ‘परिणीता’च्या नायिका झाल्या. या चित्रपटाला पदार्पणाच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. शरच्चंद्रांची ही कथा वस्तुतः न बोललेल्या शब्दांची आहे. ललिता खुलासा करीत नाही; शेखर विचारीत नाही; आणि त्या दोन मौनांमध्ये दोन घरांना विभागणारी भिंत उभी राहते. गीतचित्रात पात्र बोलत नाही याचे कारण तेथे बोलण्याची सोयच नसते. येथे पात्र बोलत नाही, कारण बोलणे शक्य असूनही ते टाळले जाते. एक मौन निरर्थक आहे, दुसरे सार्थ. सरकार यांनी आपल्या जुन्या माध्यमातील मौन टाकून दिले नाही. त्याला आकांक्षा दिली. ‘मुन्नाभाई एमबीबीएस’ (२००३) या संवादप्रधान चित्रपटाच्या संकलनात त्यांचा सहभाग होता, ही गोष्टही येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. संकलकाच्या मेजावर संवाद कोठे थांबतो आणि उत्तर किती विलंबाने येते, याचा अभ्यास आपोआप घडतो.

मराठीतील ‘झेंडा’चाही विचार येथेच करणे योग्य होईल. अवधूत गुप्ते हे गीतचित्रांचे दिग्दर्शक नव्हेत, संगीतकार-गायक होत. त्यामुळे त्यांचे उदाहरण शेजारचे आहे. एका राजकीय पक्षाची दोन शकले होतात आणि सामान्य कार्यकर्त्यांची मैत्री त्यांखाली चिरडली जाते, असा चित्रपटाचा विषय. चित्रपटाचे नाव ज्या गीताशी निगडित आहे ते गीत एक प्रश्न आहे : कोणता झेंडा हाती घ्यावा, हे विठ्ठलालाच विचारलेले आहे. गीत जेव्हा विधान करते तेव्हा ते स्वतःपाशीच संपते. जेव्हा प्रश्न करते तेव्हा त्याला बाहेरून उत्तर हवे असते. ‘झेंडा’तील प्रसंग काही ठिकाणी भाषणाच्या पातळीवर जात असले, तरी गीताच्या प्रश्नाला कथेने उत्तर द्यावे ही त्याची रचना पक्की आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. भारतीय चित्रपट हा मुळातच गीतप्रधान आहे. तेव्हा गीतचित्र आणि चित्रपट यांत एवढे अंतर मानण्याचे कारण काय? परंतु चित्रपटातील गीत आणि गीतचित्र यांत मूलभूत भेद आहे. चित्रपटातील गीत ज्या प्रसंगात येते त्या प्रसंगाने त्याचा अर्थ ठरतो. ‘नटरंग’मधील लावण्या स्वतंत्रपणे ऐकल्या तर त्या फक्त लावण्या आहेत, चित्रपटात त्या शेतमजूर गुणा कागलकराच्या देहाची किंमत घेऊन उभ्या राहतात. पहिलवानी देह झिजवून तो नाच्या होतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला त्या ठेक्यात उत्साहाबरोबर अपमानही ऐकू येतो. अल्पावकाशाच्या जाहिरातक्षेत्रातून आलेल्या दिग्दर्शकाने गीतांना असे ओझे वाहावयास लावले, यातच त्याच्या संक्रमणाचे यश आहे.

४

तिसरी अट योग्यतेची. हिचा विचार औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात करणे अधिक फलदायी होईल, कारण येथे ती सर्वांत कठीण आहे.

गीतचित्रात स्थळ ही पार्श्वभूमी असते. महेश मथाई यांनी लकी अली यांच्या ‘ओ सनम’ (१९९६) या गीताचे चित्रण इजिप्तमध्ये केले. तेथील वाळवंट हे एकाकीपणाचे चिन्ह आहे, इजिप्तचे नव्हे. त्याच मथाई यांनी पहिल्या चित्रपटासाठी जो विषय निवडला, त्यात मात्र स्थळ चिन्ह म्हणून वापरताच येत नव्हते. ‘भोपाळ एक्सप्रेस’ (१९९९) हा चित्रपट २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्रीच्या वायुकांडावर आहे. के के मेनन यांनी रंगविलेला नायक युनियन कार्बाइडच्या कारखान्यात पर्यवेक्षक आहे. त्याची नवविवाहित पत्नी माहेरून परतत आहे, आणि तिची आगगाडी त्याच रात्री विषारी शहराच्या दिशेने येत आहे. गाडीची ही योजना गीतचित्राच्या दिग्दर्शकाला शोभणारी आणि तरीही त्याच्या पलीकडची आहे. शोभणारी अशासाठी की, चालत्या गाडीला स्वतःचा ठेका असतो. पलीकडची अशासाठी की, हा ठेका आकांक्षेने भरलेला आहे. गाडी थांबेल की नाही, या एका प्रश्नावर काळ ताणला जातो.

परंतु याच चित्रपटात संक्रमणाची मर्यादाही दिसते. भोपाळमध्ये जे घडले ते का घडले? मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती. वायू जाळून टाकणारा मनोराही बंद होता. ही ‘म्हणून’ आणि ‘तरी’ यांची साखळी आहे, आणि तीत व्यवस्थापनाचे निर्णय व खर्चाच्या कपाती यांचा हात आहे. चित्रपटाचा भर या कारणपरंपरेपेक्षा त्या रात्रीच्या यातनेवर आहे. यातना दृश्याला दाखविता येते. कारणासाठी कोणाला तरी बोलावे लागते, कोणाला तरी तक्ता दाखवावा लागतो, कोणीतरी ‘हे दुरुस्त करू नका’ असे म्हणावे लागते. कारखान्याविषयीच्या कोणत्याही चित्रपटापुढे ही अडचण येणारच. यंत्र देखणे असते. यंत्रामागचा निर्णय अदृश्य असतो.

पिंपरी-चिंचवडचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डी या गावांचे रूप पालटले. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १७ लाखांच्या वर गेली. त्यानंतरचा विस्तार चाकणकडे वळला. फोक्सवॅगनचा कारखाना तेथे २००९ मध्ये सुरू झाला. महाळुंगे, निघोजे, नाणेकरवाडी, खराबवाडी या गावांभोवती शेतजमिनीच्या जागी छपरे उभी राहिली. या परिसरात गीतचित्र काढू पाहणाऱ्याला दृश्यांची वाण पडणार नाही. रात्रपाळीच्या बसगाड्या, महामार्गावरील मोटारींचे कंटेनर, कारखान्याच्या भिंतीला लागून राहिलेला कांद्याचा एखादा वाफा यांतील प्रत्येक गोष्ट ठेक्यावर कापता येईल. पण येथील माणूस बोलू लागला की खरी परीक्षा सुरू होते.

एकाच पाळीत, एकाच लाइनीवर उभे असलेले चार मराठी कामगार घ्यावे. ‘मी काम करीत आहे’ हे एकच विधान त्यांच्या तोंडून चार प्रकारांनी निघेल. पुण्याच्या आसपासचा ‘करतोय’ म्हणेल; लातूर-नांदेडकडचा ‘करायलालो’ म्हणेल; वऱ्हाडातला ‘करून राहिलो’ म्हणेल; आणि खानदेशातून आलेल्या अहिराणी भाषकाच्या घरी ‘करी ऱ्हायनू’ असे रूप असेल. कामाच्या चालू काळाचे हे चार प्रत्यय म्हणजे चार जिल्ह्यांतील चार दुष्काळांचा, चार विकलेल्या किंवा न पिकलेल्या शेतांचा इतिहास होय. शिवाय बिहार-उत्तर प्रदेशातील सोबत्याशी हिंदी बोलावी लागते; ‘ओटी’, ‘रिजेक्शन’, ‘टार्गेट’ हे शब्द सर्वांना समान असतात; आणि कंत्राटी कामगार ठेकेदाराशी एका सुरात बोलतो, कायम कामगाराशी दुसऱ्या सुरात. या सर्वांना एकाच ठशाची ‘ग्रामीण’ बोली देणे म्हणजे विस्तवाने शिंपणे होय. शब्द मराठी असतील, पण योग्यता असणार नाही. येथेच गीतचित्राची सवय अधिक घातक ठरते. गीतचित्रातील नट दुसऱ्याच्या शब्दांवर ओठ हलवितो. शब्द कोणाचे आणि ओठ कोणाचे, हा प्रश्नच त्याला पडत नाही. औद्योगिक पट्ट्याच्या चित्रपटात तर हाच प्रश्न मध्यवर्ती आहे.

औद्योगिक प्रदेश आणि गीत यांचा संबंध उलट बाजूने जोडणारे एक उदाहरण या ठिकाणी मार्गदर्शक होईल. डच छायाचित्रकार अँटन कॉर्बाइन यांनी जॉय डिव्हिजन या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या ‘ॲटमॉस्फिअर’चे गीतचित्र १९८८ मध्ये केले होते. त्याच वृंदाचा गायक इयन कर्टिस याच्या अल्पायुष्यावर त्यांनी ‘कंट्रोल’ (२००७) हा पहिला चित्रपट निर्माण केला. कर्टिस मॅकल्सफील्ड या गिरण्यांच्या गावचा. तो सेवायोजन कार्यालयात नोकरी करीत असे. कॉर्बाइन यांनी चित्रपटात वाद्यवृंदाची गीते जुन्या ध्वनिमुद्रणावरून न वाजविता नटांकडूनच गावून व वाजवून घेतली. बाह्यतः ही तांत्रिक बाब आहे. अर्थतः तीत संक्रमणाचे सर्व रहस्य आहे. ओठ आणि शब्द एकाच माणसाचे झाले. गीत हे वरून आलेले वेष्टन न राहता नोकरी, आजार आणि संसार यांच्यासारखेच त्या माणसाचे काम बनले.

५

या विचाराचा शेवट परदेशी उदाहरणाने करण्याचे कारण नाही, कारण या प्रश्नाचे उत्तम उत्तर याच पट्ट्याच्या सीमेवर, देहू गावच्या संताविषयी, पूर्वीच दिले गेले आहे. मूकपटाकडून बोलपटाकडे जाताना मराठी दिग्दर्शकांना याच संकटातून जावे लागले होते. बोलावयास न लागणाऱ्या प्रतिमांवर हुकमत मिळविलेली ती माणसे होती. १९३२ मध्ये व्ही. शांताराम यांनी ‘अयोध्येचा राजा’ हा प्रभातचा पहिला बोलपट केला. १९३३ मध्ये प्रभात कोल्हापूरहून पुण्यास आली. तिच्याच जागेत पुढे १९६० मध्ये चित्रपटशिक्षणाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. ‘कुंकू’ (१९३७) मध्ये शांताराम यांनी पार्श्वसंगीत पूर्णपणे वर्ज्य केले आणि केवळ प्रसंगात संभवणारे ध्वनी ठेवले. गीतावर ज्यांचा हात बसला आहे अशांनी संगीताचा आधार काढून घेऊन दृश्य उभे राहते काय ते पाहावे, हा वस्तुपाठ त्यात आहे.

परंतु त्याहूनही मोठा वस्तुपाठ दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) आहे. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरविल्या गेलेल्या या चित्रपटाचा नायक बहुतेक वेळ गातो. विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम जणू अखंड गीतात राहतो. शांताराम आठवले यांनी तुकारामांच्या शैलीत रचलेले एक पद तर अनेकांना मूळ अभंगच वाटले. चित्रपट एवढाच असता तर ती भक्तिगीतांची एक मालिका झाली असती. त्याचा बोलपट होतो तो जिजाईमुळे. गौरी यांनी रंगविलेली जिजाई गात नाही, बोलते. घरात धान्य नाही, मूल आजारी आहे, म्हैस सांभाळावयाची आहे, या सर्व गोष्टींचा हिशेब ती खडखडीत गद्यात मांडते, आणि वेळ पडल्यास देवळात जाऊन प्रत्यक्ष विठ्ठलालाही जाब विचारते. तुकारामाच्या प्रत्येक गीताला तिचे गद्य उत्तर देते. तिच्या बोलण्यात ‘नाही’ आहे, ‘म्हणून’ आहे, ‘तरी’ आहे. आकांक्षा आणि योग्यता या दोन्ही अटी तिच्या तोंडी पुऱ्या होतात. विशेष हे की, तिच्या गद्यामुळे गीत उणे होत नाही. उलट, कोणत्या किमतीवर ते गायिले जात आहे हे कळल्यामुळे त्याची उंची वाढते. दामले हे ध्वनिमुद्रणाचे आणि फत्तेलाल हे कलादिग्दर्शनाचे जाणकार होते. एकाचा व्यवसाय आवाजाचा, दुसऱ्याचा दृश्याचा; आणि दोघांनी मिळून जे साधले ते माणसाचे बोलणे.

गीतचित्राच्या शाळेतून येणाऱ्या दिग्दर्शकाला कथा येत नाही, हा आरोप म्हणून सोडून द्यावा. त्याला काळाचे मोजमाप येते, आणि पाळ्यांच्या भोंग्यावर चालणाऱ्या या परिसराचे चित्रण करण्यास ते एक मोठे भांडवल आहे. त्याच्यापाशी नसते ते गीताला उत्तर देणारे गद्य. आषाढीच्या वाटेवर देहूहून निघालेली तुकोबांची पालखी दरवर्षी आकुर्डीला मुक्काम करते. त्या दिवशीही कारखान्यांच्या पाळ्या चालूच असतात. अभंग रस्त्यावरून जात असतो आणि भिंतीच्या आत कोणीतरी ‘करायलालो’ म्हणत असतो. या पट्ट्याच्या पहिल्या समर्थ चित्रपटाला ठेका शोधण्यास फार दूर जावे लागणार नाही. त्याला जिजाई शोधावी लागेल. आणि ती आता बहुधा चाकणच्या एखाद्या भाड्याच्या खोलीत, रात्रपाळीवरून येणाऱ्या माणसाची वाट पाहत, किंवा स्वतःच रात्रपाळी करून, महिन्याचा हिशेब मांडीत असेल. तिला गाणे लावून देणे सोपे आहे. तिचे बोलणे ऐकून घेणे, हे संक्रमण.